दहाव्याच्या आधी परत

इथे परदेशात, चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकमध्ये पुण्याचा एक इंजिनियर राहायचा. खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमधल्या भांडणात त्याने एकाला खुर्ची मारली आणि त्या माणसाचा डोळा गेला. गुन्हा गंभीर, त्यामुळे जामीन मिळतो की नाही इथपासूनच धाकधूक. मिळाला, पण जामीन राहणारा सिटिझन नाहीतर पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी हवा. त्याचे मित्र सगळे एम्प्लॉयमेंट पासवाले, नोकरीपुरते आलेले. राहता राहिलो मी.

बायको म्हणाली, नसती उठाठेव. मला तो फारसा आवडायचाही नाही, लिफ्टमध्ये कधी धड हसला नव्हता. तरी सही केली. ज्यूरी बसेल, कोणाला तरी दया येईल, अशी त्याची सिनेमे बघून झालेली समजूत. वकिलाने सांगितलं, इथे ज्यूरी कधीच बंद झाली, जज्ज ठरवतो.

पुढची तारीख सोमवारची होती. त्याआधीच पुण्यात त्याचे वडील गेले. पासपोर्ट जमा केलेला, त्यामुळे जायला कोर्टाची परवानगी आणि माझी संमती लागणार होती. वकील चिनी, भला माणूस. त्याने अंत्यसंस्कार कधी एवढंच विचारलं. हा म्हणाला, मी पोचलो की लगेच. त्या हिशेबाने अर्ज झाला आणि सोमवारच्या आत परतायचं ठरलं. दहाव्याचं कोणी बोललंच नाही. आपल्यात दहावा असतो, ही काय सांगायची गोष्ट आहे?

तो गेल्यावर बायकोच्या लक्षात आलं. "एकुलता एक मुलगा," ती म्हणाली, "दहावा टाकून येईल होय?"

तो आला नाही तर त्याच्यावर वॉरंट, आणि कोर्ट जाब मला विचारणार. फोन करावा म्हटलं, पण बोलणार काय? बापाचे विधी सोड आणि ये? मला त्या वकिलाचाही राग आला, आणि त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

रविवारी संध्याकाळी हा डोक्याचं मुंडण केलेला, बॅग घेऊन थेट आमच्या दारात. सुतकातला माणूस, पण बायकोने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. मी दहाव्याचं विचारलं.

"ताई करणार आहे," तो म्हणाला. "भटजी नाही म्हणत होते. आईनेच पाठवलं मला. म्हणाली, बाबांचं आता काही अडत नाही, तिकडे त्या काकांचं अडेल."

त्या बाईंना मी कधी पाहिलंही नव्हतं. मला त्याच्याकडे बघवेना.