वन्संचे साठ प्रश्न

आमच्या थोरल्या वन्संनी ज्याचा स्वभाव काढला नाही असा देव, पुढारी, पैलवान किंवा क्रिकेटपटू अजून महाराष्ट्रात जन्माला यायचाय. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. निरवांगीत आमचं घर गावठाणात आणि त्यांचं ओढ्यापलीकडं डाळिंबाच्या बागेत, त्यामुळं लग्न होऊन सासरी गेल्या तरी माहेरावरची त्यांची देखरेख कधी सुटली नाही. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी माणसं तपासायला घेतली.

त्याला निमित्त झाला त्यांचा पुण्यातला लेक. त्याच्या कंपनीत सगळ्यांना एक चाचणी दिली होती. साठ प्रश्नांची उत्तरं द्यायची, की मोबाइल तुमच्या स्वभावाची चार इंग्रजी अक्षरं सांगतो. असे एकंदर सोळा प्रकार, आणि पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस त्यातल्या कुठल्या तरी एकात बसतोच. दिवाळीला आला तेव्हा त्यानं गंमत म्हणून आईला ते दाखवलं आणि भाऊबीज करून निघून गेला. वन्सं मात्र त्यातून निघाल्या नाहीत. पंधरा दिवस बसून त्यांनी साठच्या साठ प्रश्न मराठीत आणले, इंग्रजी अक्षरं बाजूला सारून घरची बसवली. माणूस बाहेर रमतो की आत, म्हणजे ‘बा’ किंवा ‘आ’. डोळ्यांना दिसतं ते मानतो की अंदाजावर चालतो, म्हणजे ‘डो’ किंवा ‘अं’. विचारानं ठरवतो की भावनेनं, ‘वि’ किंवा ‘भा’. नियमानं वागतो की मोकळा सुटलेला असतो, ‘नि’ किंवा ‘मो’. मग बारामतीला जाऊन स्टँडसमोरच्या दुकानातून त्यांनी त्या फॉर्मचा गठ्ठाच झेरॉक्स करून आणला. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘स्वभावाला औषध नाही.’

त्यानंतर त्यांच्या घरी गेलेल्या माणसाला पाण्याच्या तांब्याबरोबर पेन्सिल मिळू लागली. दूधवाला ‘बाडोभामो’ निघाला. गावची आशाताई ‘बाडोभानि’. कृषी केंद्रवाल्याला वन्संनी “तुमी पक्के आडोविनि” असं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “बाई, ही जात आपल्याकडं अजून आली न्हाय. कलिंगडाची हाय का काकडीची?” आमच्या दाजींनी, म्हणजे वन्संच्या यजमानांनी, साठही प्रश्नांपुढं एकच उत्तर लिहिलं, ‘हिला विचारा.’ वन्संनी तो फॉर्म क्षणभर बघितला, कोपऱ्यात ‘आडोभानि’ लिहिलं आणि फाइलला लावून टाकला.

गाव महिन्या-दोन महिन्यांत संपलं. मग वन्सं प्रसिद्ध माणसांकडं वळल्या. त्यांचं म्हणणं असं, की प्रसिद्ध माणसाला फॉर्म द्यायची गरजच नसते. “त्याचं सगळं वागणं उघड्यावर. आपणच त्याच्या वतीनं उत्तरं ल्ह्यायची.” अशा रीतीनं त्यांनी क्रिकेटच्या एका कप्तानाला सबंध सामनाभर टीव्हीसमोर बसून तपासलं आणि निकाल दिला, की शतक ठोकूनही जो आधी बॅटकडं बघतो तो ‘आ’च. खंडोबाला त्यांनी पाच मिनिटांत ‘बा’ ठरवलं. मोरगावला मात्र अडचण आली. चतुर्थीला आम्ही एसटीनं गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत वन्संनी वही काढली आणि गाभाऱ्यापर्यंत पोचता पोचता प्रश्न क्रमांक अकरा आला, ‘तुम्ही आपणहून लोकांत मिसळता, की लोक तुमच्याकडं येईपर्यंत थांबता?’ पुजाऱ्यांनी विचारलं, “बाई, काय लिहिताय?” वन्सं म्हणाल्या, “मोरयाचा स्वभाव.” पुजारी चिडले. देवाची परीक्षा घेऊ नये म्हणाले. “परीक्षा कसली, वळख करून घेतेय,” असं म्हणून वन्संनी हात जोडले आणि वहीत ‘आ’ लिहिला. मागं अडलेली रांग ‘मंगलमूर्ती मोरया’ म्हणून ओरडली ते भक्तीनं की वैतागानं, हे मला अजून कळलेलं नाही.

एका मोठ्या पुढाऱ्याबद्दल त्यांना तिसऱ्या अक्षराची शंका होती, म्हणून त्यांनी टपालानं फॉर्म पाठवून दिला. महिन्यानं छापील पत्र आलं, ‘आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.’ वन्संनी ते दोनदा वाचलं आणि “सहानुभूती म्हणतायत, म्हंजे भा,” असं म्हणून प्रकरण मिटवलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवार मत मागायला आले, तेव्हा त्यांनी दोघांनाही ओसरीवर बसवून फॉर्म भरायला लावले. दोघं चारही अक्षरांत एकच निघाले. “आता कुणाला बी द्या,” वन्संनी शेजारणींना सांगितलं. ते दोघं मात्र एकमेकांकडं असे बघत राहिले, जणू जत्रेत हरवलेला भाऊ सापडलाय.

पण प्रसिद्ध माणसांत वन्संचं खरं दैवत होते पैलवान आबा. पलीकडच्या गावचे. एके काळी त्यांची कुस्ती म्हटली की बावड्यापासून बैलगाड्या जुंपून माणसं यायची. केशकर्तनालयात, चहाच्या टपरीवर, तालमीत, जिथं आरसा तिथं त्यांचा फोटो. लहानपणी वन्संनी त्यांना लोकांच्या खांद्यावरून मिरवताना, गुलालात माखून हसताना बघितलं होतं. त्या एका हसण्यावर त्यांनी साठ प्रश्न भरले होते आणि आबांना ‘बाडोविमो’ करून टाकलं होतं. बाहेर रमणारा, मोकळा गडी.

दोन वर्षांपासून मात्र आबा लोकांना खटकू लागले होते. लग्नात कुणी पाया पडलं तर नुसतं बघत राहायचे. जुन्या दोस्ताला ओळख द्यायचे नाहीत. दोन्ही गावांच्या मिळून भरणाऱ्या यात्रेत सत्कारासाठी तीन वेळा बोलावणं गेलं, तिन्ही वेळा त्यांनी दारातून परत पाठवलं. शेवटी यात्रा कमिटीत ठरलं, की आता त्यांच्या घरी जायचं नाही आणि मानाच्या पहिल्या कुस्तीला दिलेलं त्यांचं नावही काढायचं. दाजी कमिटीत होते. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा वन्सं आणि मी डाळिंबं निवडत होतो.

“बाडोविमो माणूस सत्काराला न्हाय म्हणतो?” त्या म्हणाल्या. “होयाचंच न्हाय. एक तर पैलवान चुकलेत, न्हायतर मी. सुमन, स्कूटी काढ.”

आबा पडवीत खाटेवर बसले होते. देह अजून केवढा तरी, कुस्तीत मोडलेले कान, पण नजर कुठंतरी पलीकडं. सूनबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. वन्संनी चष्मा लावून पहिल्यापासून सुरुवात केली. आबा हळूहळू, नीट उत्तरं देत होते. मग प्रश्न आला, ‘गर्दीत गेल्यावर तुम्हाला हुरूप येतो का?’

“यायचा,” आबा म्हणाले.

“आणि आता?”

आबांनी दाराकडं बघितलं. सून आत गेलीय याची खात्री केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, कुणाला सांगू नगा. माणूस येतो, पाया पडतो. म्हणतो, आबा, वळखलं का? चेहरा दिसतो मला. नाव पुसल्यावानी होतं. परवा पोटच्या पोराला वस्ताद म्हनून हाक मारली. मैदानात चारचौघांत कुणी इचारलं तर काय सांगू? त्यापरीस घमेंडखोर म्हनत्यात ते बरं हाय.”

वन्संनी अर्ध्यात सोडलेला प्रश्न मी त्याआधी कधी बघितला नव्हता. पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, “चहा गार व्हायला लागलाय. घ्या.”

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, दाजींनाही नाही. मलाही शपथ घातली. पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. आबांना मागचं काही आठवत नव्हतं. त्यांनी पुन्हा दाराकडं बघून, आवाज खाली आणून, तेच सगळं पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगितलं. तेव्हा वन्सं म्हणाल्या, “आबा, पोराला तेवढं सांगू द्या मला. त्याला वाटतं तुमी त्याच्यावर रागावलाय.” आबांनी गोठ्यातल्या गाईकडं बघितलं. मग मान हलवून म्हणाले, “सांगा. पर माझ्याम्होरं नगं.”

आबांचा मुलगा वैरणीच्या गंजीमागं जाऊन रडला. मग त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गेलेलं परत येणार नाही हेही सांगितलं, आणि म्हणाले, की त्यांच्याशी बोलत राहा, एकटं बसू देऊ नका. बोलत राहणं हे वन्संना औषधासारखं लिहून मिळाल्यावर आणखी काय पाहिजे? दर मंगळवारी साठ प्रश्न सुरू झाले. गंमत अशी, की आबांची उत्तरं दर वेळी निराळी यायची. एकदा ते ‘आअंभामो’ निघाले, एकदा ‘बाडोविनि’. दोन महिन्यांत त्यांचे पाच प्रकार झाले. मी एकदा मुद्दाम विचारलं, “वन्सं, माणसाचा प्रकार बदलत नसतो ना?”

“न्हायच बदलत,” वन्सं म्हणाल्या. “माझेच प्रश्न कमी पडत्यात.” आणि वर आणखी चार प्रश्न वाढवले.

यात्रा आठवड्यावर आली. मुलानं सगळ्यांसमोर हात जोडून आबांची अवस्था सांगितली, तेव्हा कमिटीतली माणसं खाली माना घालून बसली. आबांचं नाव जागेवर राहिलं. पण ते स्वतः यायला तयार होईनात. कुणी नाव विचारलं तर काय, हीच एक भीती. शेवटी म्हणाले, “बाई शेजारी बसणार असल्या तर येतो.” आता आखाड्याच्या कडेला मानाच्या जागेवर बाईमाणूस बसायची पद्धत नाही. एकानं तसं बोलूनही दाखवलं. दाजी, जे कमिटीत कधीच तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, “खुर्ची मी आणतो.” आणि खरंच घरून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले.

त्या दिवशी वन्सं आबांच्या खांद्यामागं बसल्या, मी त्यांच्या खुर्चीला टेकून उभी. हलगी वाजत होती, फेट्यांची रांग लागली होती, एकेक जण पाया पडायला येत होता. तालुक्यातल्या निम्म्या माणसांचे फॉर्म वन्संनी भरून घेतलेले. माणूस चार पावलांवर आला की त्या वाकून आबांच्या मोडक्या कानाशी सांगायच्या, “हा कुंभाराचा थोरला. आतला हाय, जास्त बोलू नका, पाठीवर हात ठेवा.” आबा हात ठेवायचे. “ह्यो सरपंचाचा मेव्हणा. बाहेरचा, बोलायचा थांबणार न्हाय. नुसतं हसा.” आबा हसायचे. “हिचा नवरा गेलाय औंदा. नाव इंदू.” आबा म्हणाले, “इंदू, जेवून जा हां घरी.” ती बाई पदर डोळ्यांना लावून पुढं गेली. एवढ्या लोकांत त्या दिवशी ज्याला त्याला आबा आपलेच वाटले.

मग एक म्हातारा आला. वाळलेला, हातात काठी, परगावचा. वन्सं बघतच राहिल्या. त्यांच्या फाइलमध्ये हा माणूस नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी नकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्यानं हात जोडले आणि नेमकं तेच विचारलं, “वळखलं का, पैलवान?”

वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं. आबा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी पुढं होऊन त्याचा कान चाचपला, तोही मोडलेलाच होता, आणि गडगडून हसले. “ह्याला वळखायला बाई कशाला लागती? जन्मात एकदाच चीत झालोय, ते ह्याच्याकडनं!” दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले ते सोडवेनात. आबांना त्याचं नाव शेवटपर्यंत आठवलं नाही, आणि त्यानं ते सांगितलंही नाही. वन्संनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.

त्याला आता वर्ष झालं. आबा आता वन्संनाही ओळखत नाहीत. फॉर्म कधीच मागं पडलाय. आम्ही गेलो की ते अदबीनं सरकून जागा देतात आणि विचारतात, “तुमी कुणाच्या, बाई?” आणि वन्सं सांगायला लागतात. पहिल्यांदा गावाचं नाव, वडिलांचं नाव एवढंच सांगायच्या. मग दर मंगळवारी त्यात थोडी भर पडत गेली. मागच्या खेपेला मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते, तेव्हा आतून ऐकू आलं.

“शाळेत असताना पळण्याच्या शर्यतीत तालुक्यात पहिली आले हुते मी. जिल्ह्याला जायाचं हुतं. त्याच आठवड्यात बघायला पाव्हणं आलं.”

“मग गेला न्हाय?”

“न्हाय.”

“जायाला पायजे हुतं,” आबा म्हणाले.

या घरात येऊन मला पंचवीस वर्षं झाली. मला हे ठाऊक नव्हतं. नंतर घरी नवऱ्याला विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिथं पायरीवर बसल्या बसल्या मला वाटून गेलं, की आपण या बाईच्या फॉर्मला किती हसलो, आणि आपण तिला एक तरी प्रश्न विचारला का?

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. वन्सं स्कूटीवर माझ्यामागं बसल्या, पदर कमरेला खोचून. कालव्याचा पूल ओलांडला आणि पुढं सरळ, मोकळा रस्ता लागला, तेव्हा खांद्यावर त्यांचा हात आला.

“सुमन,” त्या म्हणाल्या, “जरा जोरात चालव की गं.”