पांढऱ्या कोंबडीची काळी पिल्लं

पांढऱ्याशुभ्र कोंबडीच्या पोटाखालून पहिलं पिल्लू बाहेर आलं ते कोळशासारखं काळं... मागोमाग दुसरं, तिसरं, सगळी तशीच. ओल्या भुशाचा उबट वास, फरीदाबादच्या सरत्या थंडीतलं कोवळं ऊन, आणि खुराड्यापुढे उकिडवे बसलेले बाबा — त्यांचा तो आ वासलेला चेहरा मला अजून दिसतो.

सरकारी नोकरीतल्या बाबांनी नव्या सेक्टरात प्लॉट घेऊन घर बांधलं, ते निम्मं कोंबड्यांसाठीच, असं आई म्हणे. आजूबाजूला रंगीत टीव्ही नि नव्या मोटारी येत होत्या, आणि या गृहस्थांना हवा होता जुन्या जातींचा निर्भेळ पांढरा कळप! म्हणून कोकणातली पांढरी गावठी कोंबडी आणि मेरठकडचा असील जातीचा पांढरा कोंबडा त्यांनी एकत्र ठेवले होते. पांढऱ्याला पांढरंच होणार, त्यात शंका कसली?

संशय गेला तो शेजारच्या रशीद चाचांच्या काळ्या कोंबड्यावर. चाचांचं मोटारदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. रोज संध्याकाळी ते भिंतीपलीकडून बाबांशी गप्पा मारत. "आपका मुर्गा दीवार फाँदता है!" बाबा कडाडले, आणि त्यांनी बोलणंच टाकलं. मग एका रविवारी दुपारी चाचा स्टीलचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"भाईसाहब, क़िस्सा ख़तम."

डब्यात वाफाळता रस्सा होता... त्या काळ्या कोंबड्याचा. मी त्याला हातही लावला नाही. बाबा मात्र समाधानाने जेवले.

पुढे कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडम सहज सांगून गेल्या — पिसांत रंग उतरायला दोन गोष्टी लागतात; एका जातीत पहिली नसते, दुसरीत दुसरी, म्हणून दोन्ही पांढऱ्या. पिल्लाला मात्र आईबापांकडून दोन्ही मिळतात आणि हरवलेला रंग परततो. पिल्लं आमच्याच कोंबड्याची होती!

घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबांचं तोंड एकदम उतरलं. तसेच चपला सरकवून ते मला घेऊन चाचांकडे गेले, आणि चुकलो म्हणाले.

"मुझे पता था," बोटांची कात्री करून पंख छाटल्याची खूण करत चाचा शांतपणे म्हणाले. "उसके तो पर कतरे हुए थे. दीवार कैसे फाँदता?"

"फिर काटा क्यों?"

"आपने बोलना जो बंद कर दिया था."

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली... त्यांचा विषय निघाला की बाबा आजही उठून आतल्या खोलीत जातात.