आधी हात धुवा, मग यमुनाबाईंना भेटा

विमलाकाकी सुर्व्यांच्या घरी कुणीही गेलं की पहिला थांबा मोरीत. साबणाने हात धुवायचे, काकींपुढे धरायचे आणि काकी ते हुंगणार. मासळी, मटण, कोंबडी, कशाचाही वास आला की पुन्हा मोरीत. आता समुद्रकाठच्या आमच्या मांडवीत ज्याच्या हाताला मासळीचा वास नाही तो माणूस आजारी असणार, असं आम्ही समजतो. बायका चिडायच्या. मीही चिडले होते. पण काकींनी उभं आयुष्य एसटीत तिकिटं फाडलेली. त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं यमुनाबाईंसाठी. यमुनाबाई म्हणजे बोआ, परदेशी जातीची बिनविषारी सापीण. चांगली आठ फूट लांब, माझ्या दंडाएवढी जाड. काकींच्या मुलाने, ओमकारने, पुण्याहून आणली तेव्हा चपलांच्या खोक्यात मावायची. त्याने वनखात्याकडे रीतसर नोंद केली, सुताराकडून काचेच्या दारांचं कपाट करून घेतलं, आणि मग स्वतः जहाजावर नोकरीला गेला. तिकडून फोन केला, "आई, पुण्यात एक जण घ्यायला तयार आहे, देऊन टाक." काकी म्हणाल्या, "तू गेलास ना? मग आता ती माझी."

त्याने तिचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. काकींनी ते बदलून आपल्या सासूचं ठेवलं. "सासूबाई अशाच होत्या," त्या सांगायच्या. "बोलायच्या नाहीत, पापणी न हलवता बघत बसायच्या. पण माझा नवरा गेल्यावर आख्ख्या घरात माझ्या बाजूने त्याच एकट्या उभ्या राहिल्या." हे सांगताना काकी हसायच्या आणि काचेला हात लावायच्या.

साप पाळून उपयोग काय, असं लोक विचारत. एकदा शेजारच्या चिमाने विचारलं. काकी म्हणाल्या, "तुझा नवरा काय उपयोगाचा, तरी ठेवलायस ना?" चिमा महिनाभर बोलली नाही. नागपंचमीला बायका दुधाची वाटी घेऊन आल्या तर काकींनी दारातूनच परत पाठवलं. साप दूध पीत नाही, त्याचा चहा करा म्हणाल्या. म्हणजे साप नको म्हणणारे नाराज आणि साप पुजणारेही नाराज. मला तर ही बाई तेव्हापासूनच आवडायला लागली.

मी राही. त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते, ब्लाउज शिवते. काकींनी मला पकडलं ते त्यांच्या एका नियमामुळे. एवढं मोठं जनावर असलं की एकट्याने कपाट उघडायचं नाही. माणूस कितीही जाणता असो, खोलीत दुसरं माणूस पाहिजेच. तिने विळखा घातला तर एकाने तोंड सांभाळायचं आणि दुसऱ्याने शेपटीकडून सोडवायचं. ते दुसरं माणूस मी. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून मारुतिस्तोत्र म्हणत होते. नंतर हळूहळू कळत गेलं. मेलेले उंदीर एका वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवलेले असत. ते कोमट पाण्यात सोडून लांब चिमट्याने द्यायचे, हाताने कधीच नाही. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस तिला हात लावायचा नाही. आणि साफसफाईसाठी बाहेर काढायची तर आधी लोखंडी आकड्याने अंगाला हलकेच स्पर्श करायचा. आकडा लागला की तिला समजतं, आज जेवण नाही. या बयेला डोळ्यांपेक्षा वासाने जास्त कळतं, म्हणून तर हात धुण्याचा एवढा सोहळा.

आता काशीराम भावोजी. काकींचे धाकटे दीर, वेळणेश्वरकडे गावच्या घरी राहणारे. वहिनीने साप पाळलाय हे त्यांनी कसंबसं सोसलं होतं. पण सापाला आपल्या आईचं नाव ठेवलंय हे कळल्यावर त्यांचं डोकं फिरलं. ते थेट ग्रामदेवतेकडे गेले. गुरवाकडून गाऱ्हाणं घालून कौल मागितला. देवाच्या पाषाणाला पाण्याने फुलांचे कळे चिकटवतात, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सुर्व्यांच्या घराण्यात जनावर राहू दे काय, असं विचारलं. डावा पडला.

त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "जनावर घालवा, नायतर गणपतीला घरात पाऊल टाकायचा नाय."

काकींनी फोन ठेवला. ज्यांना कोकणातल्या घरचा गणपती ठाऊक आहे त्यांना या धमकीचं वजन सांगायला नको. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून काकींनी एकही गणपती चुकवला नव्हता. ड्युटी असली तर अदलाबदल करून जायच्या. उकडीचं भांडं त्यांच्याशिवाय चुलीवर चढलं नव्हतं. मी म्हटलं, "काकी, चार दिवस पुण्याला पाठवा तिला. कोणाला कळतंय?"

"का पाठवू?" त्या माझ्यावरच उखडल्या. "मी काय चोरी केलेय?"

गणपतीला थोडे दिवस राहिले असताना भावोजी स्वतःच आले. गावच्या राखणदार देवाला द्यायचा कोंबडा बाजारातून घेतलेला, तो काखेत. दुसऱ्या हातात गोणपाट. कपाट धुवायचा दिवस होता. मी आणि काकी खोलीत, काचेचं दार उघडं, काकींच्या हातात आकडा. भावोजींनी कोंबडा पायरीवर बांधला आणि चप्पल न काढता आत आले.

"आधी हात धुवा," काकी म्हणाल्या.

"मना माझ्याच भावाच्या घरात हात धुवायला सांगतेस? हो बाजूला. देवानं कौल दिलान हाय. आज मीच नेतंय तिला."

"भावोजी, हाताला कोंबड्याचा वास आहे. मागे व्हा."

त्यांनी काकींना खांद्याने बाजूला सारलं आणि कपाटात हात घातला.

मी ती झडप पाहिली असं म्हणू शकत नाही. हात आत गेला आणि पुढच्या क्षणी मनगट तिच्या तोंडात होतं, दंडाला विळखे पडलेले. भावोजी असे ओरडले की पायरीवरचा कोंबडा गप्प झाला. त्यांनी हात ओढायला सुरुवात केली.

"ओढू नका!" हा आवाज मी काकींच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, पण गच्च भरलेल्या गाडीने शेकडो वेळा ऐकला असणार. "दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलात तर कातडी फाटेल. खाली बसा! राही, शेपटी!"

मी शेपटी धरली. भीती वाटली नाही असं खोटं कशाला सांगू. पण हातांना काम ठाऊक होतं. शेपटीकडून एकेक विळखा सोडवत गेले. काकींनी डोक्यामागे धरलं, कपाटावरची स्पिरिटची बाटली उघडली आणि तिच्या तोंडाच्या कडेला थोडं सोडलं. यमुनाबाईंनी तोंड उघडलं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना आत ठेवलं आणि काकींनी कडी-कुलूप लावलं. मग दिराचा हात नळाखाली धरून साबणाने खसाखसा धुतला. मनगटावर दातांच्या दोन बारीक रांगा उमटल्या होत्या.

"विष नाही तिला. जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या."

जिवात जीव आला तसे भावोजी पुन्हा पेटले. "बघितलंस? देव खोटा बोलतो काय? आता तरी घालव!"

"देव खोटा नाही बोलला," काकी म्हणाल्या. "तुम्ही त्याला अर्धंच विचारलंत. परत गाऱ्हाणं घाला. त्याला सांगा, वहिनीने हात धुवा, मागे व्हा म्हणून सांगितलं, मी ऐकलं नाही, तिला ढकलून उघड्या कपाटात कोंबड्याच्या वासाचा हात घातला. हे सगळं सांगून मग कौल मागा. काय पडेल ते मला फोन करून कळवा."

भावोजी कोंबडा घेऊन निघून गेले. गोणपाट आमच्याकडेच राहिलं, काकींनी ते पायपुसणं केलं. फोन काही आला नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी काकी माझ्या दारात, नऊवारी नेसून, हातात पिशवी. यमुनाबाईंना जेवण देऊन झालं होतं, आता त्या आठवडाभर हलणार नव्हत्या.

"चल," काकी म्हणाल्या.

"मी कशाला? तुमच्या घरचा गणपती."

"मोठ्या जनावरात एकट्याने हात घालायचा नाही. एकट्या भावोजींना मी पुरी पडेन, पण त्यांच्यामागे आख्खी वाडी आहे. चप्पल घाल."

गावच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर माणसंच माणसं होती. काशीराम भावोजी दारात उभे, मनगटावरच्या खुणा अजून दिसत होत्या. कुणी 'या' म्हटलं नाही. अंगणात पायांवर घ्यायला पाण्याची कळशी ठेवलेली असते, तिच्यातलं पाणी काकींनी पायांवर घेतलं, मग हातांवर. माझ्याही हातांवर ओतलं. ओला हात तसाच पुढे धरून त्या उंबऱ्याशी गेल्या.

"कौल घेतलात परत?"

भावोजींनी ओटीवरच्या माणसांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाय घेतला."

"मग बाजूला व्हा. उकड काढायचीय."

ते बाजूला झाले. काकी आत गेल्या, चुलीपाशी बसल्या, पदर खोचला आणि तिथूनच मोठ्याने हाक मारली, "भावोजी, नारळ सोलून द्या. आणि आधी हात धुवा!"

ओटीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. काशीराम भावोजी अंगणात उतरले, कळशीपाशी वाकले आणि त्यांनी हात धुतले.