बंगळूर ते म्हैसूर, ओल्या पंच्यानिशी

ओल्या पंच्याने विमानाचा वेग मोजायला गेलो आणि धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडायला बसलो. हे काम माझं एकट्याचं, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

मुलगा बंगळूरचा. एका श्रीमंत गृहस्थांच्या विमानाची देखभाल करायचा, त्यांच्याबरोबर उडायचाही. पहिल्याच भेटीत म्हणाला, "तिथल्या मैदानावरून उठलो की तासाच्या आत म्हैसूरच्या माळावर." ऐंशी मैल! आगगाडीला चार तास लागतात. आई म्हणाली, मुलगा गोड बोलतो. मला नेमकं तेच खटकलं. अंतराबद्दल जो अशा थापा मारतो, तो घराण्याबद्दल काय काय सांगत असेल?

माळावर जाऊन बघावं, हे सुचलं नव्हतं असं नाही. पण विमान उतरलेलं दिसेल. ते निघालं कुठून, हे कसं दिसणार? वाटेतल्या मंड्या गावापर्यंत आगगाडीनं येऊन पुढं उडत असला तर?

आम्ही म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले रंगारी. आमच्या हौदापाशी घड्याळ नव्हतं. कापड किती वाळलं यावरून वेळ सांगायचो. घडी घातलेला जाड पंचा तासाभरात वाळत नाही, हे मी झोपेतही सांगितलं असतं. बंगळूरला मामा होते, तेही रंगारी. त्यांना पत्र धाडलं: मुलगा विमानात चढेल तेव्हा एक पंचा पिळून ओलाच त्याच्या हाती द्या, भाच्याला पोचवा म्हणावं. कारण सांगू नका.

ठरल्या दिवशी मुलगा दारात टांग्यातून उतरला. मी नमस्काराच्या आधी पंचा मागितला. खडखडीत वाळलेला! घरच्या सगळ्यांसमोर तो चुरगाळून पाहिला, नाकाशी धरला आणि निकाल दिला, "हे चार तासांचं वाळणं आहे. तुम्ही आगगाडीनं आलात. इथं मुलगी मिळायची नाही."

"आगगाडीनं?" तो गोंधळला. "अहो, ओलं बोचकं मांडीवर कुठं घेऊ, म्हणून गळ्याला बांधला. आमच्या विमानाला वर छप्पर नसतं. मंड्या यायच्या आधीच वाळला, मग सारखा कानशिलावर फटके मारत होता."

त्याचं कानशील खरंच लाल झालं होतं. मला ते खोटं पकडलं गेल्याचं लक्षण वाटलं.

"मामांना विचारून बघतो," मी म्हटलं.

"विचारा. पण इतक्या संशयाच्या घरात मला सोयरीक नको," असं हळूच म्हणून त्यानं टोपी उचलली, एक पाय वहाणेत घातला.

तेव्हा आजवर पाहुण्यांसमोर चकार शब्द न काढलेली बहीण आतल्या दाराआडून सरळ बाहेर आली. "तुम्ही बसा," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली, रागात नेहमीसारखी कानडी मिसळत.

"अय्यो अण्णा, साकु, पुरे आता! वारा लागला की कापड वाळतं एवढं कळत नाही, आणि म्हणे रंगारी!"