दिरावरचा राग

माझ्या सासूबाई धुरपदाबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, रागाच्या बाबतीत अख्ख्या सोनारीत प्रसिद्ध. नळ उशिरा आला की नळावर राग, एसटी चुकली की एसटीवर, आणि दोन्ही वेळेवर आली तर माझ्यावर. फक्त वानरांवर नाही. गावात भैरोबाचं देऊळ, तिथं वानरं भरपूर. एकदा त्यांनी आत्याबाईंच्या ताटातली भाकरी पळवली, तर म्हणाल्या, "भैरोबाची लेकरं हायती. त्यांच्यावर कुनी रागावतं का?" माझी एक भाकरी करपली की मात्र माझ्या माहेराचा उद्धार. मला असा संताप यायचा!

यंदा पेरणीआधी त्यांच्या धाकट्या दिरानं, बलभीमनं, ट्रॅक्टर घालून आमचा बांध कोरला. त्याचं रान आमच्याला लागूनच. खुणेचे दगडसुद्धा उपटून फेकले. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा पाच वर्षांचा, आईविना पोर. त्याला त्यांनीच न्हाऊमाखू घातलं, त्यांनीच शाळेत धाडलं. म्हणून तर त्यांना अन्न गोड लागेना. "मुडदा बशिवला त्याचा!" सकाळ-संध्याकाळ चुलीपुढं तेच. त्या पेटल्या, त्यांनी मुलाला पेटवलं, आणि मीही काही पाणी ओतलं नाही.

मग एके सकाळी माझ्या नवऱ्यानं, रणधीरनं, कुऱ्हाड उचलली.

आत्याबाई दारात आडव्या आल्या. "थांब रणधिरा. त्याला वानर समज."

"वानर? सख्खा चुलता हाय माजा!"

"म्हनून तर भडका उडतोय. आपला म्हनून धरून बसलोय आपुन. वानरानं रान खाल्लं तर हाकलतो, कुंपन घालतो. कुऱ्हाड घिऊन कोन जातं का?"

हे आत्याबाई लेकाला कमी आणि स्वतःला जास्त सांगत होत्या. रणधीर शिव्या देत राहिला, पण कुऱ्हाड त्यांनी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला, परंड्याला जाऊन त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज दिला. पुढं मोजणी झाली, दगड जागेवर आले. बलभीम बांधावर उभा राहून तोंडाला येईल ते बोलला. "म्हातारीला जमीन उरावर घिऊन जायचीय!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याबाई मात्र त्याच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तशा बघत राहिल्या.

घरी आल्यावर मी चिडूनच विचारलं, "तुमास्नी रागच येईना का आता त्यांचा?"

"न्हाय येत." त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "राग गेला गं. दीर बी गेला."