तारीख वाचायला लावणारी

भाच्याच्या लग्नात भिकबाळी मिरवायची म्हणून मी कारखान्यातल्या एम्ब्रॉयडरी मशीनच्या सुईनं स्वतःचा कान टोचला. तिसऱ्या दिवशी कानाचं वांगं झालं, तेव्हा सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या गल्लीतली टॅटूवाली आठवली.

ती जेमतेम पंचविशीची, मूळची धुळ्याकडची. गिऱ्हाइकांशी गुजरातीत गोड बोलते, चिडली की अहिराणीवर येते. खुर्चीत बसणाऱ्याला आधी विचारते, शुगर आहे का, ताप आहे का, जेवून आलात का. मग सुईचं पाकीट त्याच्याच हातात देऊन तारीख वाचायला लावते आणि त्याच्यासमोर फोडते. हातमोज्यांनी चुकून मोबाइल उचलला, तर ते फेकून नवे घालते. एकदा प्रेयसीचं नाव गोंदायला एक पोरगा तापातच आला. त्याला तिनं माझ्यादेखत परत पाठवलं. म्हणाली, "नाव कुठे पळून जात नाही. आठवड्यानं ये."

माझा कान बघून आणि कशानं टोचला ते ऐकून मात्र तिनं हातातलं मशीन खाली ठेवलं.

"पुसली होती की सुई, लुंगीला," मी म्हणालो.

"काका, तुमले अक्कल शे का?"

तिनं समोरच्या गिऱ्हाइकाला उठवलं, शटर ओढलं आणि मला मोपेडवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "अजून एक दिवस थांबला असतात तर कान वाकडा झाला असता. टोचला कुणी?"

मी छताकडे पाहू लागलो.

"यांनीच," ती म्हणाली. "कॉलेजची पोरंसुद्धा आधी विचारतात, सुई नवी आहे ना? हे वडीलधारे. हे लुंगीला पुसतात."