जमिनीवरचे तीन महिने

बांधकामावर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. बावीस वर्षं तो उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून सळया आणि लोखंडी साचे उचलत आला होता. माल यायला उशीर झाला की खालचे गवंडी म्हणायचे, "आता सगळं वरच्याच्या हाती." वर एकटेपणा फार. दोन खेपांच्या मधे हात आपोआप बिस्किटांच्या पुड्याकडे जायचा. दुपारी टपरीवरून मागवलेलं तळकट काहीतरी, आणि दिवसभर थर्मासातला गोड चहा.

एकदा साचा हवेत लटकलेला असताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन-चार क्षणच. हात जागचे हलले नाहीत म्हणून निभावलं. खाली कुणाला पत्ताही लागला नाही.

आठवड्याभरात वार्षिक तपासणी झाली. साखर बरीच वाढलेली निघाली. चक्कर वगैरे येते का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर तो नाही म्हणाला. गोळ्या घेऊन कामावर जायची परवानगी मिळाली, पण जिवाला चैन पडेना. केबिनमधून तो खालची हेल्मेटं मोजत बसायचा. एकोणीस, कधी तेवीस. तिसऱ्या दिवशी शिडीच्या मध्यावरूनच तो परत उतरला, तसाच दवाखान्यात गेला आणि खरं काय ते सांगून टाकलं. बाईंनी त्याला तीन महिने क्रेनवर बंदी घातली.

त्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिने सगळं ऐकून घेतलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "डबा मी केला तर तो कुणाच्या तरी गळ्यात मारून तुम्ही टपरी गाठाल. तुम्हीच करा. स्वतः केलेलं टाकवत नाही माणसाला."

पहिल्या दिवशी डाळ करपली. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं एकदम पडलं. तरी त्याने डबा चाटूनपुसून संपवला, कारण पहाटे उठून तासभर त्याने गाजरं, दुधी आणि फरसबी चिरली होती. टपरीवाला हाक मारायचा. तो मान खाली घालून पुढे जायचा.

खाली त्याला वायरलेसवर इशारे द्यायचं काम मिळालं. त्याच्या जागी आलेली पोरगी क्रेन झकास चालवायची, आणि तेच त्याला जास्त टोचायचं. चार वाजले की अंगात मुंग्या यायच्या. तो वाळूच्या ढिगाभोवती येरझाऱ्या घालायचा, काकडी कराकरा चावायचा, पुन्हा चालायला लागायचा.

सहाव्या आठवड्यात तोल गेला. गोदामाच्या आडोशाला उभ्याउभ्या त्याने बिस्किटांचे दोन पुडे फस्त केले. घरी येऊन बायकोला सांगताना त्याचा चेहरा पडला होता. आता काही जमायचं नाही, सोडून देतो, असं तो पुटपुटला.

तिने मशीन थांबवलं नाही. "उद्याची भाजी चिरायची राहिलीय," एवढंच म्हणाली.

मग उठून त्याने सुरी धुतली.

तीन महिन्यांनी साखर आटोक्यात आली. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. अंधारी पुन्हा आली नव्हती. दर महिन्याला तपासणी करायची, या अटीवर बाईंनी सही केली.

पहिल्या दिवशी तो पुन्हा केबिनमध्ये चढला. पोरगी आता शेजारच्या क्रेनवर गेली होती. तिने तिकडून हात केला. खेपा सुरळीत चालल्या, पण मधल्या वेळात हात काही स्वस्थ बसेनात. साडेदहालाच डबा रिकामा झाला, आणि उरलेला दिवस त्याने पाणी पिऊन काढला.

संध्याकाळी चपला पायात असतानाच तो स्वयंपाकघरात शिरला आणि फळीवरची भांडी खालीवर करायला लागला. काय शोधताय, असं बायकोने विचारलं.

"मोठा डबा," तो म्हणाला.